फेटची सिम्युलेशन्स: आठवी ते दहावीच्या रसायनशास्त्राला कुठे उपयोगी, कुठे अपुरी

मी माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' ही सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर हाताळून बघायचे प्रयोग, वर्गात नेहमी वापरते, म्हणून मराठी माध्यमाच्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी हे लिहिते आहे. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये हा प्रकल्प सुरू केला. सगळं फुकट आहे आणि बरीच सिम्युलेशन्स मराठीत भाषांतरित झालेली आहेत.

सुरुवात 'बिल्ड अ‍ॅन अ‍ॅटम'पासून करा. खाली प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉनची तीन भांडी असतात, त्यांतून एकेक कण उचलून अणूत टाकायचा. एक प्रोटॉन टाकला की हायड्रोजन, दुसरा टाकला की लगेच हेलियम. सहा प्रोटॉन, सहा न्यूट्रॉन, सहा इलेक्ट्रॉन जमले की कार्बन तयार. आता आणखी दोन न्यूट्रॉन टाका. नाव कार्बनच राहतं, अणुवस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून) 14 होतो, अणुकेंद्रक थरथरायला लागतं आणि 'अस्थिर' अशी सूचना येते. समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या, पण न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेल्या अणूंची) व्याख्या मुलं पाठ करतातच, पण ती पटते या थरथरीला.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने इथेच विचारलं होतं, "मॅडम, प्रोटॉन वाढवला की नाव बदलतं, मग इलेक्ट्रॉन वाढवल्यावर का नाही बदलत?" मूलद्रव्याची ओळख अणुअंकाने, म्हणजे प्रोटॉनच्या संख्येने, का ठरते, हे त्या एका प्रश्नात आलं. मी उत्तर न देता तिलाच एक इलेक्ट्रॉन काढायला लावला. प्रभार अधिक एक झाला आणि वर्गाला आयन, म्हणजे प्रभार असलेला अणू, दिसला. फळ्यावर वर्तुळं काढून हा प्रश्न मुलांकडून येत नाही. पुढच्या भागात खेळ आहे, त्यात प्रभार आणि अणुवस्तुमानांक ओळखायचे असतात. मुलांना तो फार आवडतो.

उणिवाही सांगते. भांड्यांतले प्रोटॉन निऑनला संपतात. म्हणजे 2, 8, 1 अशी इलेक्ट्रॉनची मांडणी असलेला सोडियम किंवा 2, 8, 7 असा क्लोरीन बांधता येत नाही, आणि मिठाचा आयनिक बंध शिकवायला तर नेमके तेच दोघे लागतात. ते फळ्यावरच काढावे लागतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पडद्यावर अणुकेंद्रक भलंमोठं दिसतं. खरं पाहता अणूचा व्यास त्याच्या दहा हजार ते एक लाख पट असतो. केंद्रक हरभऱ्याएवढं धरलं तर अणूची हद्द शंभर मीटरपासून एक किलोमीटरपर्यंत कुठेतरी जाईल, हे मी मुलांना खिडकीतून बाहेर बोट दाखवून सांगते. ते सांगितलं नाही तर 1911 साली रदरफर्डला अणू जवळजवळ पोकळ असल्याचं कळलं, हे वाक्य पुस्तकातच राहतं.

रासायनिक समीकरणं संतुलित करण्याचं सिम्युलेशनही ठीक आहे, पण त्याला वहीचा सराव पुरतो.

अभिक्रियेच्या दरासाठी 'रिअ‍ॅक्शन्स अँड रेट्स' आहे. ते मूळचं जावामध्ये लिहिलेलं, म्हणून मी लॅपटॉपवरच दाखवते. इथे माझं मत ठाम आहे: आधी परीक्षानळी, मग पडदा. फरशी बसवणाऱ्याकडून शहाबादी फरशीचे तुकडे आणते, त्यांतले काही खलबत्त्यात कुटते. दोन परीक्षानळ्यांत सारख्या वजनाचे तुकडे आणि चुरा घालून सारखंच विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं की चुऱ्याच्या नळीतला फेस एकदम वर येतो. नंतर सोडियम थायोसल्फेट. चंचुपात्राखाली कागदावर फुली काढायची, आम्ल घालायचं आणि गंधकाने द्रावण गढूळ होऊन फुली कधी दिसेनाशी होते ते बघायचं. कोमट द्रावणात ती कितीतरी लवकर जाते. सल्फर डायऑक्साइडचा वास उग्र असतो, खिडक्या उघड्या ठेवा आणि द्रावण थोडंच घ्या.

एवढं पाहिल्यावर मुलं विचारतात, गरम केल्याने घाई का होते? आता सिम्युलेशन लावायचं. एक कण ओढून सोडायचा आणि तो समोरच्या रेणूवर आदळवायचा. हळू सोडला तर दोघे धडकतात आणि तसेच परत फिरतात, काहीही बदलत नाही. जोरात सोडला तर जुना बंध तुटून नवा जुळतो. शेजारी ऊर्जेचा आलेख असतो. त्यातला मधला उंचवटा ओलांडण्याएवढी ऊर्जा टकरीत नसेल तर अभिक्रिया नाही, हे मुलांना न सांगता कळतं. उत्प्रेरकासाठी, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थासाठी, स्वतः अभिक्रिया रचण्याची सोय वापरा: तो उंचवटा ओढून कमी करता येतो. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मँगनीज डायऑक्साइडची चिमूट टाकून फसफस दाखवलेली असली तर हा दुवा लगेच जुळतो.

एका गोष्टीची तयारी ठेवा. पुष्कळ रेणूंच्या भागात उत्पादितांपासून पुन्हा अभिक्रियाकारक बनताना दिसतात, आणि दहावीची मुलं गोंधळतात. समतोल, म्हणजे दोन्ही दिशांच्या अभिक्रिया सारख्याच वेगाने चालणं, अकरावीत येतो, तरी मी पाच मिनिटं थांबून बाणाच्या दोन्ही दिशा समजावते. टाळावं असं मला वाटत नाही, कारण चौकस मुलं ते हेरतातच.

आमच्याकडे नेटचा भरवसा नाही. अणूचं सिम्युलेशन आधीच उतरवून ठेवलं तर नेट नसतानाही ब्राउझरमध्ये चालतं. एकच लॅपटॉप असेल तर माऊस मुलांच्या हातात द्या आणि पुढे कोणता कण टाकायचा ते वर्गाला ठरवू द्या.