खाडीकाठच्या तळ्यांवर नऊ महिने: पीएच-डीओ मीटरचा अनुभव

पालघर जिल्ह्यात खाडीला लागून आमची वन्नामेई कोळंबीची चार तळी आहेत. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणा), सॅलिनिटी (खारटपणा) आणि विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) एकाच यंत्रावर बघता यावा म्हणून नऊ महिन्यांपूर्वी हातात धरायचा मीटर घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे चुकलं त्यातलं बरंचसं आमच्याच हातून चुकलं.

यंत्र दणकट आहे. दोनदा बांधावरून चिखलात पडलं, धुतलं, चाललं. पण ते भोळं आहे. कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा जुळवून घेणं, ठरावीक पीएचच्या द्रावणात (बफरमध्ये) करतात. त्या बाटलीवर १०.०१ लिहिलंय म्हणून आत १०.०१च असणार, असं ते धरून चालतं.

तिसऱ्या महिन्यात कॅलिब्रेशननंतर स्लोप, म्हणजे पीएच मोजणाऱ्या इलेक्ट्रोडचा प्रतिसाद आदर्शाच्या किती टक्के आहे तो आकडा, ८६ टक्के आला. पुस्तिकेत लिहिलंय, ९० च्या खाली गेला की इलेक्ट्रोड बदला. मागवला नवा. त्याचा आला ८८! तेव्हा कुठे नजर बाटलीकडे गेली. १० चं बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि हळूहळू खाली उतरतं. ४ आणि ७ ची त्यामानाने टिकतात. आमचा कामगार इलेक्ट्रोड थेट बाटलीतच बुडवायचा आणि झाकण नुसतं वर ठेवायचा. बफर पावडरचं नवं पाकीट फोडून डिस्टिल्ड पाण्यात कालवलं, तर नव्याचा स्लोप ९८ आणि ज्याला मोडीत काढला होता त्या जुन्याचा ९६. हिशोब केला तेव्हा जुनं बफर ९.७ च्या आसपास उतरलेलं निघालं. म्हणजे इतके दिवस दुपारी ८.८ दिसलं की आम्ही पाणी बदलायला मोटर लावत होतो, तेव्हा तळ्यात खरं ८.६ होतं. डिझेल आमचं गेलं.

बाजारातले काही स्वस्त मीटर स्लोप दाखवतच नाहीत, नुसतं 'ओके' म्हणतात. तसला घेऊ नका. हा आकडा दिसला नसता तर मला कधी संशयच आला नसता.

तापमानाबद्दल एक गैरसमज माझाही होता. 'ऑटो टेम्परेचर' आहे म्हणजे सगळं आपोआप, असं नाही. त्याने इलेक्ट्रोडचा हिशोब जुळतो. बफरचा स्वतःचा पीएचही तापमानाने सरकतो. २५ अंशांना १०.०१ असलेलं ३० ला ९.९७ होतं. माझा मीटर हा बदल आतल्या तक्त्यावरून धरून चालतो, पण घरातली थंड बाटली आणि उन्हात तापलेला इलेक्ट्रोड एकत्र आणले की आकडा बराच वेळ सरकत राहतो. दोन्ही सावलीत एका तापमानाला आल्याशिवाय बटण दाबत नाही.

आता ऑक्सिजन. पहाटे चारचा आकडा बघून आम्ही जादा एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं) लावायचे की नाही ते ठरवतो, त्यामुळे इथली चूक थेट जिवावर बेतते. हवेत कॅलिब्रेट करताना ऑक्सिजन प्रोबच्या टोकावरच्या पातळ पडद्यावर (मेम्ब्रेनवर) पाण्याचा एक थेंब राहिला तरी घोळ होतो. टोपीतला स्पंज नुसता ओलसर हवा, निथळता नाही. मोजताना प्रोब पाण्यात हलवत राहायचा. स्थिर धरला की पडद्याजवळचा ऑक्सिजन तोच खातो आणि आकडा पडत जातो.

सगळ्यात महागात पडली असती ती ऑक्सिजन मोजताना लागणारी सॅलिनिटीची सेटिंग. कारखान्यातून ती शून्यावर येते, आणि आम्ही पहिला महिनाभर तशीच ठेवली. ३० अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात सव्वासहाच्या आसपास. आमचं पाणी २० पीपीटीचं (हजार भागांत वीस भाग क्षार), म्हणजे मीटर ४.० दाखवत होता तेव्हा खरा ऑक्सिजन ३.६ च्या आसपास होता. कोळंबी तगली हे नशीब. पावसात तळी गोडी होत जातात, तेव्हा ही सेटिंग दर आठवड्याला बदलावी लागते.

सॅलिनिटी मीटर पाण्याच्या वीजवहनावरून काढतो; त्याच्या कॅलिब्रेशनसाठी सोबत १४१३ मायक्रोसिमेन्सचं द्रावण देतात. ते विहिरीच्या पाण्याला ठीक. खाडीच्या पाण्यासाठी निदान १२.८८ मिलिसिमेन्सचं हवं, आणि ते वेगळं विकत घ्यावं लागतं. यासाठी रेटिंगमधला एक स्टार मी कापलाय.

पीएचचा इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्यात ठेवू नका, इलेक्ट्रोडमधले क्षार झिरपून जातात. टोपीत केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइडचं) द्रावण हवं. कडेला पांढरी पुटं धरली तर घाबरायचं कारण नाही, धुऊन जातात. पुसताना मात्र घासायचं नाही, कागदाने टिपायचं.

आता बफर पाकिटातलंच घेतो, वाटीत ओतून वापरतो आणि वाटीतलं परत बाटलीत जात नाही. बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहितो. जुना इलेक्ट्रोड अजून चालतोय. नवा केसीएलच्या टोपीत, कपाटात.