मुलांचं नाट्यशिबिर आणि चॅरिटी शो : पाचपैकी चार स्टार, एक स्टार हिशोबापायी कापला

मुलाला दहा दिवसांच्या नाट्यशिबिराला घातलं होतं, रोज अडीच तास, शेवटी प्रयोग आणि तिकिटाचे पैसे कर्णबधिर मुलांच्या एका शाळेला. शिबिर संपल्या दिवसापासून रिव्ह्यू लिहिते लिहिते म्हणतेय, आज मुहूर्त लागला. लांबणार आहे हे आधीच सांगते.

खरं सांगायचं तर मी फार अपेक्षा ठेवून गेलेच नव्हते. शिबिर म्हणजे पहिल्या दिवशी ताई कागद वाटणार, मुलं घरी येऊन संवाद घोकणार, दोन चुणचुणीत पोरांना मोठे रोल आणि उरलेली सगळी झाडं. आणि चॅरिटी म्हणजे पोस्टरवर कुणातरी मुलाचा केविलवाणा फोटो आणि शेवटी टेबलाएवढा पुठ्ठ्याचा चेक. यातलं बरंच चुकीचं निघालं, थोडं बरोबर निघालं, ते पुढे येईलच.

बावीस मुलं होती, आठ ते तेरा वयाची, शिकवणारे एक दादा आणि एक ताई, शिवाय मदतीला एक कॉलेजची मुलगी. पहिले चार दिवस संहिता नाहीच! नुसते खेळ. पालकांच्या ग्रुपवर लगेच कुजबुज सुरू, की नाटक कधी बसवणार, दहाच दिवस आहेत. मीही त्यातलीच. पण शेवटचा अर्धा तास दारात उभं राहून बघायची परवानगी होती म्हणून बघत गेले आणि गप्प बसले. आरशाचा खेळ माहीत असेल, दोघं समोरासमोर, एक हलेल तसंच दुसऱ्याने हलायचं. पण पुढे ताई म्हणायची, आता कुणी पुढाकार घ्यायचा नाही, दोघंही आरसाच. आणि खरंच काही वेळाने कोण कुणाच्या मागे जातंय ते कळेनासं व्हायचं. दादाने नंतर सांगितलं की असे बरेचसे खेळ व्हायोला स्पोलिन या अमेरिकन बाईंचे, त्यांचं पुस्तक १९६३ साली आलं आणि नाटकवाले आजही त्यातून खेळ उचलतात. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे सीन चालू असताना ताई तो थांबवत नाही, बाजूनेच बोलत राहते, "हातातली बादली जड आहे", "तिच्याकडे बघून बोल", आणि मुलं न थांबता ते करून टाकतात. "रडून दाखव", "अजून जोरात हस" असलं एकदाही ऐकलं नाही.

आमचा मुलगा महाबडबड्या. समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणं हा प्रकारच नाही. मला वाटलं याला भरपूर संवाद मिळतील, तर त्याला रोल मिळाला दाराचा. हो, दार! तो आणि अजून एक मुलगा अशी दोन पाखं, कुणी टकटक केली की उघडायचं आणि उघडताना तोंडाने "कर्रर्र" करायचं. मी मनातून जरा खट्टू झाले, उगाच का खोटं बोला. पण हे दार नाटकभर स्टेजवर होतं आणि नेमकं कुठल्या वाक्यावर उघडायचं, कुणाला आत घ्यायचं नाही हे सगळं दुसऱ्यांचं ऐकूनच ठरणार होतं. म्हणजे ताईने बरोब्बर औषध शोधलं होतं.

पाचव्या दिवशी त्या शाळेच्या एक शिक्षिका आल्या. भाषणबिषण काही नाही, मुलांमध्ये खाली बसल्या आणि म्हणाल्या, आमची मुलं प्रयोगाला येणार आहेत, पुढच्या रांगांत बसतील. एवढंच. आणि मग आमच्या पोरांच्या डोक्यात एकदम उजेड पडला की अरे, आपलं नाटक त्यांना ऐकूच येणार नाही. तोपर्यंत "त्यांच्यासाठी" म्हणजे त्यांच्यासाठी पैसे गोळा करायचे एवढाच अर्थ होता, आता ती मुलं प्रेक्षक झाली. दुसऱ्या दिवसापासून तालमीचा रंगच बदलला. प्रेक्षकांकडे पाठ करून बोलायचं नाही हा नियम दादा चार दिवस ओरडून सांगत होता, तो आता मुलंच एकमेकांना सांगायला लागली, कारण पाठ फिरवली की ना तोंड दिसतं ना चेहरा. अर्ध्याहून जास्त संवाद उडाले. आणि आमच्या दाराचं "कर्रर्र" तर पारच निकामी. दोन दिवस घरात हेच चालू, की कुरकुरणारं दार दिसेल कसं? शेवटी दोघांनी उपाय काढला, आधी दातओठ खायचे, मग खांदे अडकत अडकत फिरवायचे आणि शेवटी गुडघ्यातून एक हिसका. आवाज बंद करून बघितलं तरी बिजागरीला तेल नाही हे कळत होतं.

काही गोष्टी मलाही नव्याने कळल्या. संवाद खुणांच्या भाषेत सांगणाऱ्या दुभाषी ताईंना स्टेजच्या कडेला स्वतःचा लाइट लागतो, सीन बदलताना मिट्ट काळोख केला की त्यांचे हात दिसत नाहीत आणि पुढच्या रांगांसाठी नाटक तिथेच बंद पडतं. त्यामुळे ब्लॅकआउट सगळे रद्द, फक्त मंद निळा उजेड. तसंच घंटा देताना प्रेक्षागृहाचे लाइटपण लुकलुकवले. यात खर्च काही नाही, कुणाच्या तरी लक्षात यायला हवं.

प्रयोग पस्तीस मिनिटांचा. तिसऱ्या घंटेला दाराचं दुसरं पाख रडायला लागलं, स्टेजवर जाणारच नाही म्हणे. ताईने त्याला ओढलं नाही की समजावत बसली नाही, विंगेत स्वतःशेजारी बसवलं आणि आमच्या बाळाला म्हणाली, आज तू एका पाखाचं दार. पहिली एन्ट्री एका पाखाने पार पडली, दुसऱ्या टकटकीला दुसरं पाख डोळे पुसत आपणहून येऊन उभं राहिलं! लोकांना वाटलं तसंच बसवलंय. शेवटी मागच्या रांगांतून टाळ्या आणि पुढच्या रांगांत दोन्ही हात वर करून नुसते पंजे हलताहेत, त्यांची टाळी तशी असते. आमच्या मुलांना आधी सांगून ठेवलं होतं, तरी दोन छोटी पोरं त्यांना टाटा करत बसली. नंतर पुढच्या रांगेतली एक मुलगी विंगेपाशी आली आणि आमच्या मुलासमोर हवेत टकटक केली. हा बघतच राहिला. तिने परत टकटक केली तेव्हा ट्यूब पेटली आणि साहेब खांद्या-गुडघ्यासकट उघडले.

आता कापलेला स्टार. पोस्टरवर मोठ्या अक्षरात होतं, "तिकिटाचा प्रत्येक पैसा शाळेला". मग कळलं की हॉलचं भाडं आणि लाइट त्यातूनच वजा होणार. अहो, वजा करा ना, हॉल कुणी फुकट देत नाही, पण मग "खर्च वजा जाता" हे तीन शब्द पोस्टरवर छापा, नाहीतर हॉलचा खर्च शिबिराच्या फीमधून भागवा आणि तिकिटाच्या पैशाला हात लावू नका. ग्रुपवर विचारलं तर दोन दिवस शांतता, मग एक अंगठा, मग "नंतर सांगतो". तीन आठवड्यांनी एक पानी हिशोब आला, शाळेच्या पावतीसकट, पैचा घोळ नव्हता. म्हणून तर जास्त राग आला, हिशोब चोख असताना लोकांना संशय घ्यायला का लावायचं? लहान मुलांच्या नाटकाचा पैसा लहान मुलांना हे नातं काही आजचं नाही, जे. एम. बॅरींनी १९२९ मध्ये 'पीटर पॅन'चे हक्कच लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलला देऊन टाकले होते, पालकांच्या मीटिंगमध्ये दादानेच कौतुकाने सांगितलेलं. तेवढ्याच कौतुकाने हिशोबही सांगायचा ना.

फोटोंच्या बाबतीत मात्र पूर्ण मार्क. पालकांची लेखी परवानगी असेल त्याच मुलाचा फोटो, शाळेच्या मुलांचा तर एकही काढला नाही आणि पुठ्ठ्याचा चेक कुठे दिसला नाही. मुलाला घ्यायला कोण येणार त्याचं नाव आधी द्यावं लागायचं, एकदा मी माझ्या भावाला पाठवलं तर त्याला दारात पंधरा मिनिटं उभं केलं मला फोन लागेपर्यंत. तो चिडला, मी नाही.

घालणार असाल तर पहिल्याच दिवशी दोन प्रश्न विचारा, तिकिटातून काय काय वजा होणार आणि हिशोब कुठल्या तारखेला मिळणार. तोंडी नको, मेसेजवर घ्या. आणि पाचव्या दिवसापर्यंत नाटक दिसलं नाही तर माझ्यासारखं ग्रुपवर कुजबुजू नका.

आमच्याकडे पुढच्या बॅचला नाव दिलंय. यंदा खिडकी व्हायचंय म्हणे.