शू पुएर घ्यावा का लिउ बाओ? मला काय वाटतं ते

शू पुएर आणि लिउ बाओ हे दोन्ही चीनचे आंबवून मुरवलेले चहा. शेंग, म्हणजे कच्च्या पुएरचा विचार करणाऱ्यांनी इथे वेळ घालवू नका. तो वेगळाच खेळ आहे, आज घ्या, पंधरा-वीस वर्षं कपाटात ठेवा आणि मग चांगला निघाला तर निघाला. इथे प्रश्न आहे तो आणल्याच्या आठवड्यात प्यायच्या चहाचा, म्हणजे चीनमधल्या युन्नानचा शू का ग्वांगशीचा लिउ बाओ. मी क्वालालंपूरला राहतो, त्यामुळे दोन्ही हाताशी आहेत, दोन्ही भरपूर प्यायलोय, आणि सध्या घरात लिउ बाओच जास्त असतो, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना तेवढं वजा करून घ्याल. वजन उतरतं, कोलेस्टेरॉल उतरतं वगैरे दोन्हींच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, ते सोडून देऊ.

आधी डोंगर, म्हणजे पानं कुठल्या डोंगरावरची, कारण दुकानदारही तिथूनच सुरुवात करतो. शूच्या रॅपरवर बुलांग, यीवू, नान्नुओ आणि दुकानदार फारच हिंमतवाला असेल तर लाओ बानझांग असं छापलेलं असतं. शेंगमध्ये या नावांना अर्थ आहे, बुलांगचा कडूपणा आणि यीवूचा मऊपणा शेजारी शेजारी ठेवला तर नवख्यालाही फरक कळतो. शूचं मात्र तसं नाही असं माझं मत. 1973 च्या सुमारास कुनमिंग आणि मेंगहाईच्या कारखान्यांनी पानं लवकर आंबवायची वो दुई पद्धत बसवली, म्हणजे पानांचा मोठा ढीग घालायचा, पाणी मारायचं, वर कापड टाकायचं आणि दीड-दोन महिने आतली उष्णता सांभाळत मधूनमधून उलथापालथ करायची. जुन्या पद्धतीच्या एका ढिगात काही टन माल जातो, आणि लाओ बानझांगच्या पानांचा भाव बघता ती कुणी टनाच्या हिशोबात ढिगात ओतेल हे मला तरी पटत नाही. हल्ली छोट्या ढिगात करणारेही आहेत, त्यांच्याकडे डोंगराची चव थोडीफार लागते म्हणतात, असेलही. पण ज्या केकवर (दाबलेल्या चहाच्या चकतीवर) बाकीचे शू तोलले जातात तो मेंगहाईचा 7572 बघा, 75 म्हणजे रेसिपी 1975 ची, 7 ही पानाची ग्रेड आणि 2 म्हणजे मेंगहाई कारखाना, संपलं. आकड्यात डोंगर कुठेच नाही.

लिउ बाओचं उलट आहे, डोंगराळ गावाचं नाव चहालाच लागलंय. वूझोउ शहराजवळ त्सांगवू काउंटीत लिउ बाओ नावाचं गाव आहे, तिथून हा चहा नदीने खाली ग्वांगझोउ, तिथून हाँगकाँग आणि पुढे इकडे मलायात यायचा, पेराकमधल्या किंता खोऱ्यातल्या कथिलाच्या खाणींवर काम करणाऱ्या चिनी मजुरांसाठी. दमट उष्ण हवेत काम करताना हाच चहा बरा पडतो अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे जुना लिउ बाओ चीनपेक्षा मलेशियाच्या गोदामात सापडण्याची शक्यता जास्त असं इथले लोक अभिमानाने सांगतात. कारखान्याचा लिउ बाओ मात्र सगळा त्या गावचा नसतो, पानं ग्वांगशीतून इकडून तिकडून येतात, तेव्हा इथेही नावावर फार भाळू नका. गावातले शेतकरी करतात तो वेगळा, हलका आणि थोडा धुराचा, कारण लाकडाच्या जाळावर वाळवतात, आणि सगळ्यांनाच तो आवडेल असं नाही.

चवीत शू जिंकतो का? दाटपणात जिंकतो, हे मान्य करायलाच पाहिजे. युन्नानचं मोठं पान, म्हणजे आसामच्या जातीचंच, त्याचा काढा इतका जाड येतो की थंडीत किंवा तेलकट जेवणावर दुसरं काही नकोसं वाटतं. लिउ बाओ पातळ आणि स्वच्छ, घशातून नुसता उतरतो, पहिल्या घोटाला काही जण म्हणतील यात काय आहे. पण चांगल्या लिउ बाओत एक सुपारीचा वास येतो, चिनी लोक तो बघूनच भाव ठरवतात, आणि कोकणातल्या माणसाला तो वास ओळखीचा वाटेल, म्हणजे कच्ची ओली नाही, जुनी वाळलेली सुपारी. सगळ्यात नसतो हा वास, तेव्हा विकणारा म्हणाला म्हणून मान डोलावू नका, आधी पिऊन बघा. नव्या शूमध्ये ढिगाचा वास असतो, थोडा मासळीसारखा, दोन-तीन वर्षं हवेशीर ठेवला की बराचसा जातो. जुन्या लिउ बाओला तळघराचा कोंदट वास येऊ शकतो. म्हणजे वासाच्या बाबतीत दोघंही सारखेच सोवळे.

आता ज्या गोष्टीवरून माझं ठरलं ती. पुएरचा केक फोडणं. ऐकायला फालतू वाटेल, मलाही वाटायचं. 357 ग्रॅमची दाबून बसवलेली चकती, तिच्या कडेने टोच्या घालायचा, हळूच हलवायचा, पापुद्रा सुटून येतो असं व्हिडिओत दिसतं, आणि दगडाखाली दाबलेल्या सैल केकमध्ये खरंच तसा येतो, पण मशीनमध्ये दाबलेले केक आणि विटा म्हणजे, अहो, गुळाची ढेप फोडणं परवडलं. सकाळी ऑफिसला निघायच्या आधी एक कप हवा असतो आणि ओट्यावर उभं राहून टोच्या मारत बसायचं, तो सटकून तळहाताकडे येतो, अर्धा चुरा ओट्यावर, अर्धा फरशीवर, बायको म्हणते राहू दे रे, कॉफी करते. आणि खरा त्रास नुसता पसाऱ्याचा नाहीये, चहा रोज वेगळा होतो हा आहे. आज अख्खा पापुद्रा निघाला तर गाईवानमध्ये, म्हणजे त्याच पानांवर पुन्हापुन्हा पाणी ओतायच्या झाकणाच्या वाटीत, तो उघडायलाच तीन पाणी जातात, उद्या चुरा निघाला तर पहिल्याच पाण्यात शाईसारखा काळा, त्याच सात ग्रॅममध्ये. मग चव केकची का माझ्या टोच्याची हे कळेनासं होतं. सुट्टीच्या दिवशी सगळा केक एकदम फोडून मातीच्या बरणीत भरणारे लोक आहेत, त्यांना शिस्त आहे, माझ्याकडे नाही.

लिउ बाओ परंपरेने बांबूच्या टोपलीत भरून मुरवतात, वाफवून दाबतात खरा, पण आपल्या हातात येतो तो बहुतेक सुटाच. डबा उघडा, चिमूट टाका, उकळतं पाणी, पहिलं पाणी फेका, झालं. उरलेला थर्मासमध्ये घालून दिवसभर पिता येतो, तास-दीड तास राहिला तरी कडू होत नाही, निदान माझ्या जिभेला तरी नाही लागत. शू थर्मासमध्ये विसरलात तर डांबर. भारतात घेऊन जाणार असाल तर सुटा माल पटकन ओल धरतो, मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात घट्ट झाकणाचा डबा पाहिजे आणि मसाल्यांपासून लांब. केक त्या मानाने तग धरतो, तेवढा मुद्दा शूच्या बाजूने.

ज्यांना चहा दुधासारखा दाट लागतो त्यांनी शूच घ्यावा, माझं ऐकून उगाच पातळ पीत बसू नका. केक नको असेल तर सुटा शूही मिळतो, फक्त गोंगतिंग नावाची बारीक कोवळ्या पानांची ग्रेड टाळा, दोन-तीन पाण्यात सगळं सोडून देते आणि मग कप नुसता रंगीत. त्यापेक्षा लाओ चा तोउ मागा, म्हणजे ढिगात आपोआप घट्ट झालेल्या गाठी, त्या फोडायच्याच नसतात, तशाच किटलीत टाकून उकळायच्या. आणि लिउ बाओ घेताना तीस वर्षं जुना म्हणून कुणी भाव सांगितला तर आधी शंभर ग्रॅम घ्या, आठ-दहा वर्षांचा साधा कारखान्याचा माल रोजसाठी पुरेसा आहे.