विषाणूंच्या भीतीने रोकड सोडावी का?

करोनापासून अनेकांनी नोटांचा धसका घेतलाय. रोकड ठेवावी की सगळं यूपीआयवर न्यावं, या विचारात तुम्ही असाल, तर निदान विषाणूंचा मुद्दा नीट तपासून घ्या.

नोटा बदनाम झाल्या त्या ऑस्ट्रेलियातल्या 'सीएसआयआरओ' या सरकारी संशोधन संस्थेच्या 2020 मधल्या प्रयोगाने. नोटेवर विषाणू 28 दिवस टिकतो, ही बातमी घरोघरी पोचली. पण त्याच प्रयोगात तो मोबाइलच्या पडद्यासारख्या काचेवरही 28 दिवस टिकला होता! शिवाय नमुने अंधारात, 20 अंशांवर ठेवलेले. 40 अंशांवर हा काळ एक-दोन दिवसांवर आला.

त्यात टिकणं वेगळं आणि लागण होणं वेगळं. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठात 2021 मध्ये युरोच्या नोटा-नाण्यांवर विषाणूचे थेंब टाकून पाहिले. थेंब सुकल्यावर बोटावर जिवंत विषाणू जवळपास येतच नव्हता. म्हणजे सुकी नोट आणि आपला मोबाइल यांत करोनापुरता तरी डावं-उजवं करण्यासारखं काही नाही. फ्लूचा विषाणूही नोटांवर टिकतो: जिनिव्हातल्या संशोधकांना 2008 मध्ये तो स्विस नोटांवर तीन दिवसांपर्यंत सापडला, शेंबडासोबत असेल तर 17 दिवसांपर्यंत. म्हणून थुंकी लावून नोटा मोजायची सवय सोडाच. गल्ल्यावर पाण्याचा स्पंज ठेवा.

कार्डाचं म्हणाल तर पिनच्या कळांना दिवसभर कितीतरी बोटं लागतात. 5,000 रुपयांपर्यंत 'टॅप' करून भागतं, तेच बरं.

खरा फरक पडतो खाण्याच्या गाडीवर. ज्या हाताने सुट्टे पैसे दिले, त्याच हाताने पाव उघडून चटणी लावली जाते. इथे माझं मत ठाम आहे: क्यूआर लावा. गिऱ्हाईक स्कॅन करतं, पैसे आल्याचं स्पीकर सांगतो, हात कामातच राहतो. मात्र मध्येच फोन उचलून पुन्हा पावाला हात लावलात, तर क्यूआरचा उपयोग शून्य. रोकड घ्यायचीच असेल तर गल्ल्यावर दुसरा माणूस बसवा. तेही जमत नसेल, तर पाव चिमट्याने धरा.

हात धुवायला साबण-पाणीच हवं. जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर नीट चालत नाही.

घरातल्या वयस्कर माणसांना यूपीआय जमत नसेल, तर निव्वळ या भीतीपोटी त्यांच्या हातची रोकड काढून घेऊ नका. बाजारातून आल्यावर हात धुतले की पुरे.