दोन रिंगांची डी-रिंग फाइल: वर्षभर वापरल्यावर

आधी ठरवलं होतं, या फाइलला शिव्याच घालायच्या. शिष्यवृत्तीच्या पडताळणीला समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), मूलनिवासी (अधिवासाचा दाखला), आय प्रमाणपत्र (उत्पन्नाचा दाखला) क्षणात सापडलं, पण आय प्रमाणपत्राची झेरॉक्स ओढली तशी निम्मी अक्षरं फाइलच्या प्लॅस्टिक पाकिटालाच चिकटून राहिली. बाबूंनी कागद परत केला. नवी झेरॉक्स काढून पुन्हा रांगेच्या शेवटी.

पहिला राग झेरॉक्सवाल्याचा आला. घरी सगळी पाकिटं उघडली, तर वेगवेगळ्या दुकानांतल्या झेरॉक्सची तीच गत, आणि पेनाने लिहिलेल्या नोट्स मात्र शाबूत. दोष पाकिटांचाच. फाइलसोबत मिळणारी ही पाकिटं मऊ पीव्हीसी या प्लॅस्टिकची आहेत. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं. झेरॉक्सची शाई म्हणजे कागदावर वितळवून बसवलेली प्लॅस्टिकचीच पूड. ती या द्रव्याने मऊ पडते आणि पाकिटाला धरते. त्यात वर पुस्तकांचा भार आणि इंदूरचा मे. फीच्या थर्मल पावत्याही याच पाकिटांत पांढऱ्याफटक झाल्या. पावती हातात पडली की त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

दाखले मोबाइलवर ठेवायची सरकारी सोय, डिजिलॉकर, २०१५ पासून आहे, पण खिडकीवर अजून कागदच मागतात. म्हणून पाकिटं नीट हवीत.

खजुरी बाजारातल्या दुकानदाराने बदलून द्यायला साफ नकार दिला. शेवटी पीपीची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लॅस्टिकची पाकिटं वेगळी घेतली. वरचा खर्च जिवावर आला, पण तेव्हापासून एकही अक्षर उचललं गेलेलं नाही. ओळखायला सोपं: कोपऱ्याचा तुकडा कापून पाण्यात दाबून सोडा. पीपी तरंगतं, पीव्हीसी बुडतं.

आणि आता फाइलबद्दल मत बदललंय. सांगाडा खरोखर दणकट आहे. भोकांचं अंतर नेहमीचं ८० मि.मी., त्यामुळे कुठल्याही पंचचे कागद बसतात. रिंग डी आकाराची असल्याने पानांच्या कडा सरळ राहतात, गोल रिंगेसारखी भोकं फाटत नाहीत. सेमिस्टरभराच्या नोट्स आणि घरचे दाखले एकत्र मावतात.

तेव्हा फाइल जरूर घ्या, सोबतची पाकिटं फक्त हाताने लिहिलेल्या कागदांना वापरा. कंपनीने पाकिटं कशाची आहेत ते वेष्टनावर ठळक छापलंच पाहिजे. विद्यार्थी त्यात आपले दाखले ठेवतात.