१.२ मीटरचा तीन-बँड फ्लाय-अवे अँटेना: फीड बदलल्यावर खरं काय हाती लागतं

एक डिश, तीन फीड (डिशसमोर बसणारं, लहरी पाठवणारं-घेणारं तोंड) आणि एक्स, केयू, केए असे उपग्रह संपर्काचे तिन्ही बँड (वारंवारतांचे पट्टे). या वर्गातले फ्लाय-अवे (सुटे करून पेट्यांतून नेता येणारे) संच माहितीपत्रकात सगळे सारखेच दिसतात. निकाल आधीच सांगून टाकू: काम मुख्यतः केयूवर आणि केए अधूनमधून लागणार असेल, तर संच घेण्यासारखा आहे. एक्स चालतो, पण मर्यादा सांभाळून. काही विक्रेते याच डिशला सी बँडचं फीडही देऊ करतात. त्याच्या नादी लागू नये. ४ गिगाहर्ट्झला १.२ मीटरच्या डिशचा बीम (लहरींचा झोत) साधारण ४.४ अंश रुंद असतो, म्हणजे दोन-तीन अंशांवरचा शेजारचा उपग्रहही त्यातच येतो. अपलिंकच्या (उपग्रहाकडे पाठवण्याच्या) ६ गिगाहर्ट्झलाही तो तीन अंशांच्या आसपासच राहतो. सिग्नल दिसेल, पूर्ण पॉवरने प्रक्षेपणाची परवानगी मिळणं मात्र अवघड.

गेनचे (डिश सिग्नल किती एकवटते त्याचे) आकडे हिशेबाने येतात, त्यात जादू नाही. कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर ७.५ गिगाहर्ट्झला (एक्स) ३७.६, १२ला (केयू) ४१.७ आणि २०ला (केए) ४६.१ डीबीआय, म्हणजे सर्व दिशांना सारखं पसरवणाऱ्या अँटेनाच्या तुलनेत तितके डेसिबल. माहितीपत्रकात याहून दीड-दोन डेसिबल जास्त छापलेलं दिसलं, तर आकडा नेमका कुठे मोजला हे विचारावं: फीडच्या तोंडाशी की एलएनबीच्या (आलेला सिग्नल वाढवून खालच्या वारंवारतेला आणणाऱ्या भागाच्या) फ्लँजवर? मधला ओएमटी (पाठवायचा आणि घ्यायचा सिग्नल वेगळा करणारा जोड) आणि प्रक्षेपण अडवणारा फिल्टर आपापला वाटा घेतातच.

खरी परीक्षा केएवर होते. डिश पाकळ्यांची असते आणि पाकळ्या जोडल्यावर पृष्ठभाग किती खरा राहतो यावर सगळं ठरतं. पृष्ठभागाची सरासरी चूक ०.५ मिलीमीटर असेल तर १२ गिगाहर्ट्झला जेमतेम पाव डेसिबल जातो, पण ३० गिगाहर्ट्झला १.७ डेसिबल. चूक ०.२५वर आणली की तोच तोटा ०.४च्या आसपास येतो. त्यामुळे केयूवर झकास चालणारी डिश केएवर का दमते, याचं उत्तर बरेचदा सांध्यात सापडतं. जोडणी झाली की प्रत्येक सांध्यावरून आडवं नख फिरवावं. नख अडकलं तर खिटी सोडून कडा पुसावी आणि पाकळी पुन्हा बसवावी. दोन कडांमध्ये वाळूचे चार कणही पुरतात. खिट्या ओढून बसवाव्या लागत असतील तर तो संच परत करावा, वापराने त्या सैल होतील या आशेवर राहू नये.

फीड बदलण्याच्या पद्धतीत मात्र संचासंचांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चांगल्या संचात फीड, ओएमटी, फिल्टर, एलएनबी आणि बीयूसी (पाठवायचा सिग्नल वरच्या वारंवारतेला नेऊन वाढवणारा भाग) एकाच पट्टीवर कायमचे बसवलेले असतात. दोन खुंट्यांवर ती पट्टी टेकवायची, खटका दाबायचा, काम झालं. स्वस्तातल्या संचात बीयूसी वेगळा असतो आणि दर वेळी वेव्हगाइडचा (लहरी वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीचा) सांधा उघडावा लागतो. हा प्रकार टाळावा. केएच्या डब्ल्यूआर-२८ वेव्हगाइडची आतली उंची ३.५६ मिलीमीटर, त्यात पाण्याचा एक थेंब गेला तरी अपलिंक कोलमडते. सांधा उघडावाच लागला तर गास्केट खाच असलेल्या फ्लँजमध्ये नीट बसलंय ना ते बघावं आणि स्क्रू एका बाजूने न आवळता समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत.

बदलाआधी मोडेमवरून प्रक्षेपण बंद, मग बीयूसीचा पुरवठा बंद, मगच हात लावायचा. नवं फीड बसलं की मोडेममध्ये लोकल ऑसिलेटरचे (वारंवारता बदलण्यासाठी वापरलेल्या आतल्या लहरीचे) दोन्ही आकडे, एलएनबीचा आणि बीयूसीचा, बदलायचे. १४.० ते १४.५ गिगाहर्ट्झच्या केयू बीयूसीला बहुधा १३.०५ गिगाहर्ट्झ लागतो. केएचा आकडा नावपट्टीवर बघूनच टाकावा, पाठांतरावर विसंबू नये. १० मेगाहर्ट्झचा संदर्भ (वारंवारता अचूक ठेवणारा सिग्नल) बीयूसीला बाहेरून लागतो की आतच आहे, हेही तपासावं. बाहेरून हवा असताना तो मिळाला नाही, तर बहुतेक बीयूसी प्रक्षेपणच करत नाहीत. सगळ्यात महागडी चूक केबलची. बीयूसीचे २४ व्होल्ट एलएनबीकडे गेले की एलएनबी गेलाच म्हणून समजा. काही संचांत दोन्ही केबलना एकसारखेच कनेक्टर दिलेत; ही रचनाच चुकीची आहे. पाठवायच्या बाजूला एन आणि घ्यायच्या बाजूला एफ कनेक्टर असलेला संच निवडावा.

पोलरायझेशनची (लहरीच्या कंपनाच्या दिशेची) तऱ्हा बँडप्रमाणे बदलते. केयू बहुतेक ठिकाणी रेषीय, म्हणून फीड फिरवून स्क्यू (कंपनाच्या दिशेशी जुळणारा कोन) लावावा लागतो. कोन ३ अंशांनी चुकला तर क्रॉस-पोल आयसोलेशन (काटकोनातल्या दुसऱ्या पोलरायझेशनपासूनची फारकत) साधारण २५.६ डेसिबलवर येऊन थांबतं, १ अंशाच्या चुकीला ३५ मिळतं. फीडच्या गळ्यावरच्या खुणा एकेका अंशाच्या हव्यात. पाच-पाच अंशांच्या खुणांवर अंदाजपंचे काम होतं आणि उपग्रह कंपनीच्या नियंत्रण कक्षाकडून क्रॉस-पोल चाचणीत परत पाठवणी होते. एक्स आणि केए बहुधा वर्तुळाकार, तिथे स्क्यूची कटकट नाही. डावं की उजवं एवढंच बघायचं.

नेमकेपणाचा खरा कस लागतो तो केएची दिशा साधताना. २० गिगाहर्ट्झला बीम ०.८८ अंशाचा, ३०ला ०.५८चा. ०.२ अंशाची चूक रिसीव्हवर ०.६ डेसिबल दाखवते, तीच ट्रान्समिटवर १.४ डेसिबल खाते. रिसीव्हचं शिखर सपाट असतं, त्यामुळे आकडा सर्वांत मोठा दिसला तिथेच थांबणं पुरत नाही. अझिमथचा (आडव्या दिशेचा) बारीक स्क्रू एका बाजूला फिरवत सिग्नल ३ डेसिबल खाली येईपर्यंत न्यावा, तिथून उलट दिशेला तितकाच उतरेपर्यंत आटे मोजावेत आणि त्यांच्या निम्म्यावर परतावं. शेवटचं फिरवणं नेहमी एकाच दिशेने असावं, नाहीतर स्क्रूची मोकळीक हिशेब बिघडवते. एलेव्हेशनलाही (वर-खालच्या कोनालाही) हेच. फीड बदललं की बीयूसीचं वजन बदलतं आणि बूम (फीड धरणारा दांडा) किंचित झुकतो, म्हणून आधीच्या बँडचं एलेव्हेशन जसंच्या तसं गृहीत धरू नये. पायांना वजन टांगायला हूक नसतील तर वाऱ्यात केए विसरा.

फीड न बदलता दोन बँड एकाच वेळी देणारं समाक्ष फीडही मिळतं: मधोमध वरचा बँड, भोवतीच्या कड्यातून खालचा. बदलायची दगदग वाचते, पण दोन्ही बँडचे फेज सेंटर (लहरी जिथून पसरतात ते बिंदू) एकाच ठिकाणी आणणं कठीण असल्याने एक बँड थोडा मार खातो. दोन्ही लिंक सतत चालू ठेवायच्या असतील तरच तो पर्याय. डिशऐवजी मिळणारं इलेक्ट्रॉनिक सपाट पॅनेल (न हलता बीम वळवणारं) चालत्या वाहनासाठी ठीक. बीम ६० अंश कलवला की आदर्श हिशेबातही ३ डेसिबल जातात, प्रत्यक्षात त्याहून जास्त.

ऑर्डरमध्ये तीन गोष्टी लेखी मागाव्यात: जोडलेल्या डिशची पृष्ठभाग-चूक, प्रत्येक फीडचं वेगळं मोजलेलं रेडिएशन पॅटर्न आणि केयूसाठी पीएलएल (वारंवारता स्थिर बांधून ठेवणारा) एलएनबी. साध्या डीआरओ (अशी बांधणी नसलेल्या) एलएनबीची वारंवारता तापमानाबरोबर शेकडो किलोहर्ट्झ सरकते आणि अरुंद कॅरियर (माहिती वाहणारा सिग्नल) लॉकच होत नाही. सोबत प्रत्येक फ्लँजची जादा गास्केट आणि फीडच्या तोंडावरच्या पडद्याचे दोन सुटे तुकडे घ्यावेत. पडदा फाटला की पहिल्या सरीतच पाणी आत शिरतं.