एफएससी की पीईएफसी? आधी वखारीचं बिल काढा

जर्मनीच्या ग्राहकाला नमुने पसंत पडतात, भाव जुळतो आणि ईमेलच्या शेवटी एक ओळ येते: लाकूड एफएससी आहे ना? लाकडी वस्तू बनवणाऱ्या लहान कारखानदाराला घाम फुटतो तो इथे. तेवढ्यात कुणीतरी सुचवतं, त्यापेक्षा पीईएफसी घ्या.

दोन्ही शिक्के सांगतात एकच गोष्ट: लाकूड नीट सांभाळलेल्या जंगलातून आलंय. फरक कुळाचा आहे. एफएससी (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल) ही संस्था १९९३ची. तिच्या सभेत पर्यावरणवाले, सामाजिक संघटना आणि व्यापारी अशी तीन दालनं, तिन्हींच्या मतांना सारखंच वजन. दहा तत्त्वांची चौकट जगभर एकच. पीईएफसी (प्रोग्राम फॉर द एंडोर्समेंट ऑफ फॉरेस्ट सर्टिफिकेशन) १९९९ची, युरोपातल्या छोट्या वनमालकांच्या सोयीतून उभी राहिलेली. इथे प्रत्येक देश आपली पद्धत बनवतो आणि पीईएफसी ती तपासून मान्यता देते. भारतात हे काम एनसीसीएफ (नेटवर्क फॉर सर्टिफिकेशन अँड कन्झर्व्हेशन ऑफ फॉरेस्ट्स) ही संस्था बघते. प्रमाणित जंगलाच्या क्षेत्रफळात पीईएफसी पुढे, पण दुकानातल्या गिऱ्हाइकाला ओळखीचं चिन्ह बहुधा एफएससीचं.

पीईएफसी म्हणजे वनमालकांचीच संस्था, हा आक्षेप जुना आहे. पण एफएससीही धुतल्या तांदळासारखी नाही. तिच्या उभारणीत असलेल्या ग्रीनपीस इंटरनॅशनल या पर्यावरण संघटनेने २०१८मध्ये सदस्यत्व सोडलं.

कारखान्याला मात्र जंगलाचं नाही, लाकूड जंगलातून तयार मालापर्यंत कसं आलं त्या साखळीचं प्रमाणपत्र लागतं. त्याला 'चेन ऑफ कस्टडी' म्हणतात. दोन्हीकडे मुदत पाच वर्षं, दरवर्षी तपासणी. ऑडिटर भिंतीवरची फ्रेम बघत नाही, बिलं बघतो. वखारवाल्याच्या बिलावर त्याचा प्रमाणपत्र क्रमांक आणि 'एफएससी १००%' किंवा 'एफएससी मिक्स' असा उल्लेख हवा. तो राहिला तर अस्सल प्रमाणित लाकूडही तुमच्या हिशेबात साधं लाकूड ठरतं. मग ऑडिटर कच्च्या मालाचा आणि तयार मालाचा ताळा घेतो. समजा १०० घनफूट पाइन आला, कापणी-रंध्यात ४० घनफूट भुसा आणि ढलप्यांत गेलं. तर शिक्का मारून विकलेला माल ६० घनफुटांच्या वर दिसता कामा नये. प्रमाणित थप्पी वेगळी ठेवा, वर खडूने का होईना, खूण करा. ही शिस्त दोन्हीकडे जवळपास सारखीच, त्यामुळे 'पीईएफसी सोपं' या बोलण्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

खरा निकाल लाकडाच्या जातीवर लागतो. न्यूझीलंडचा पाइन किंवा जर्मनीतलं बीच झाडाचं लाकूड वापरत असाल तर प्रमाणित माल मिळतो; बीचमध्ये पीईएफसीही सहज. कोकणातला आंबा किंवा बांधावरचा साग असेल, तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? तिथे साखळीचं प्रमाणपत्र घेऊन शिक्का मारायला मालच नसेल. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३मध्ये भारतीय वन व काष्ठ प्रमाणीकरण योजना आणली, तीत जंगलाबाहेरची झाडंही येतात. शेतकऱ्याच्या झाडांसाठी ती जास्त जवळची वाटते, पण परदेशी ग्राहक ती मानतो का, हे आधी विचारा. शिसवी माल असेल तर निर्यातीसाठीच्या 'वृक्ष' प्रमाणपत्राचा विषय वेगळा, तो साइट्स या दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराशी जोडलेला आहे.

युरोपला फर्निचर पाठवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. तिथल्या २०२३च्या जंगलतोडविरोधी कायद्यात झाड तोडलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश लागतात आणि ३१ डिसेंबर २०२०नंतर तिथे जंगल तोडलेलं चालत नाही. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे. एफएससी असो वा पीईएफसी, शिक्का आहे म्हणून यातून सूट नाही.

तेव्हा ग्राहकाने एफएससीचं नाव घेतलं असेल तर वाद न घालता एफएससी घ्या. लहान कारखान्यांना गटानेही घेता येतं. ग्राहकाला दोन्ही चालत असतील आणि लाकूड युरोपचं असेल, तर पीईएफसीचा भाव मागवा. एकाच फेरीत दोन्ही तपासणारे ऑडिटरही आहेत. माल पुण्या-मुंबईतच खपत असेल तर तूर्त दोन्ही राहू द्या, तोडीचा परवाना आणि वाहतूक पास तेवढे जपून ठेवा.

आणि पैसे भरण्याआधी वखारवाल्याचा प्रमाणपत्र क्रमांक मोबाइलवर एफएससी किंवा पीईएफसीच्या यादीत टाकून बघा. कधी मुदत संपलेली निघते, कधी त्याच्या प्रमाणपत्रात नुसता पाइन असतो आणि तुम्ही उचलत असता बीच.